‘विरह’ या शब्दाची चिठ्ठी

कोरेगाव स्टेशनापासून अडीच मैल,
रविवार, १९ जानेवारी १९४७

प्रिय चिंतामण,

तुझं कार्ड संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. वरच्या ओळीत माझ्या खुशालीची विचारपूस, मध्ये तुझ्या शब्दकोशाची हकिकत, आणि खाली जागा संपत आल्यावर बारीक अक्षरात मागणी: ‘विरह या शब्दाला तुझ्या भागातल्या बायका बोलण्यात काय म्हणतात ते सोदाहरण कळव. चिठ्ठी महिनाअखेर पोचावी, छापखाना खोळंबला आहे.’ एरवी मी उलट टपाली चिठ्ठी धाडते. नऊ वर्षांत एकही चुकवली नाही. मोटेच्या एकूण एक भागाची नावं पाठवली, ‘रुसणे’ आणि ‘फुगणे’ यांतला फरक पाठवला, पाटाच्या पाण्यावरून बायका एकमेकींना देतात त्या शिव्याही पाठवल्या. त्या तू छापणार नाहीस हे माहीत असूनही. हा शब्द मात्र चिठ्ठीत मावेना, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. ते लांबेल. कोशाचे कागद जरा बाजूला सार. या शब्दाची हकिकत सांगायची तर आपल्या दोघांचीही सांगावी लागणार आहे, आणि शेवटी मला तुला एक गोष्ट विचारायची आहे.

सुटीच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसून मी गावातल्या बायकांची पलटणीतल्या माणसांना जाणारी पत्रं लिहून देते, हे तुला ठाऊक आहे. ते काम माझ्याकडे कसं आलं ते कधी सांगितलं नाही. माझ्याआधी नानासो लिहायचे. नानासो म्हणजे पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले पेन्शनर हवालदार. त्यांच्या पत्राचा साचा ठरलेला होता. घरची मंडळी खुशाल, जनावरं खुशाल, पाऊसपाणी अमुक, आणि शेवटी ‘कवा येणार ते कळवा’. त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी दौत आणि टाक माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाले, ‘बाई, ह्यात आपली अक्कल घालायची न्हाई. सांगंल तेवढंच लिवायचं.’ मी हो म्हटलं. मनात मात्र आलं की म्हाताऱ्यानं वीस वर्षं एकच पत्र शंभर जणांना पाठवलं, आता या बायकांना जरा बरी भाषा मिळेल.

बनुबाईबद्दल तुला एका चिठ्ठीत लिहिलं होतं. ‘पान्हा सोडणे’ची ती चिठ्ठी. तिची म्हैस तिच्याशिवाय कुणालाही धार काढू देत नाही. सासू बसली तर लाथ मारते, दीर बसला तर पान्हा चोरते. बनुबाईचा नवरा नाथाजी मराठा पलटणीत, तेव्हा इटलीला होता. घरात सासू हरणाबाई आणि थोरला दीर भाऊसो. लग्नाला सहा वर्षं, त्यातली चार नाथाजीची पलटणीत गेली. चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत एका रविवारी ती ओट्यावर आली, पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीप्रमाणे सांगू लागली. उसाला पाणी मिळालं. आत्याबाईंचा गुडघा धरलाय. म्हस बरी हाय. कवा येणार ते कळवा. मी विचारलं, आणखी काही? मनातलं काही? ती म्हणाली, ‘मनातलंच सांगितलं की, बाई. कवा येणार.’

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं. तुझ्या अण्णांना जाऊन सहा महिने झाले होते. तुला हे सांगायची गरज नाही, पण मला ते एकदा क्रमानं मांडायचं आहे. वाईला आपल्या आळीत सगळे आपल्या दोघांना एका पाटावरची भावंडं म्हणायचे, आणि लग्नाचं निघालं तेव्हा तेच आडवं आलं. अडतीस साली अण्णांनी सांगितलं की दोन्ही घरं भारद्वाज गोत्राची, एका गोत्राची मुलं म्हणजे भाऊबहीण, असलं लग्न शास्त्राला नाही आणि कायद्यालाही नाही. माझे वडील म्हणाले, त्या ऋषींना जाऊन किती हजार वर्षं झाली ते तरी मोजा. अण्णांनी मोजलं नाही. तू घाटावर येऊन मला म्हणालास, अण्णा आहेत तोवर थांबू. मी थांबले. तू सांगलीच्या शाळेत लागलास, मी इकडे शिकवायला आले. तेव्हा अण्णा गेल्यानंतरचं ते तुझं पहिलं मोठं पत्र मी कशा मनानं फोडलं असेल, याची कल्पना कर. ते फार सुंदर होतं. विरहावर पुरी दोन पानं होती. मी ती चार वेळा वाचली. त्यात काहीतरी सापडत नव्हतं, पण सुंदर गोष्टीत काय नाही हे चटकन लक्षात येत नाही.

तर मी बनुबाईचं पत्र लिहायला घेतलं. ऊस, गुडघा आणि म्हैस मला त्या दिवशी फार क्षुल्लक वाटली. ती मी गाळली. ‘कवा येणार’ गाळलं, कारण प्रत्येक पत्रात तेच असतं. आणि लिहिलं: ‘आपल्या विरहाने इथे एकेक दिवस युगासारखा झाला आहे. पण विरह ही प्रेमाची कसोटी आहे. देह दूर असले तरी मने एकच आहेत. मग भेट झाली काय आणि न झाली काय.’ बनुबाईला वाचून दाखवलं. तिनं आदरानं ऐकलं. देवळात पोथी ऐकतात तसं. मग अंगठा उठवला आणि म्हणाली, ‘लय भारी लिवलंसा, बाई. त्यात म्हस कुटं आली ते कळलं न्हाई.’

त्यानंतर नाथाजीचं पत्र येईना. चैत्र गेला, वैशाख गेला. बनुबाई दर रविवारी यायची, ओट्याच्या पायरीवर बसायची, दुसऱ्यांची पत्रं वाचून होईपर्यंत थांबायची आणि उठून जायची. मी तिच्या नावानं आणखी दोन पत्रं धाडली, पहिल्यापेक्षा सुंदर. ज्येष्ठात ती एकदा म्हणाली, ‘वंगाळ काय असंल तर सांगून टाका. मला सोसंल.’  आषाढात भाऊसो स्वतः ओट्यावर आले. हातात पलटणीचं पत्र, त्यांच्या नावचं. मागून हरणाबाई आणि बनुबाई. पत्र आलं म्हणजे माणूस जिवंत आहे, एवढं पाकिटावरूनच कळलं होतं, त्यामुळे सगळे जरा सैल झाले होते. मी मोठ्यानं वाचायला लागले.

ते मला पाठ आहे. ‘भाऊसो दादास नाथाजीचा रामराम. बनी गेली ते मला कळलं. तुमी लपवलं ह्याचा राग न्हाई, रीतच हाय. हितं जोडीदारांनी नदीवर दिवस घातलं. म्या मिशी काढली. म्हस दुसऱ्या कुणाला धार देणार न्हाई, तरी ती इकू नका, आईला हळूहळू सवय करू द्या. बनी कशानं गेली तेवढं कळवा. लय हाल झालं का, ते पण कळवा.’

मी वाचायची थांबले ती शेवटच्या शब्दावर. आधी थांबायला सुचलं नाही. हरणाबाईंनी सवयीनं कपाळावर हात मारून रडायला सुरुवात केली, आणि रडता रडता सुनेकडे बघितल्यावर त्यांचा आवाज कुठल्या कुठे गेला. भाऊसो म्हणाले, ‘आरं तिच्या मायला,’ आणि माझ्यापुढे असं बोललो म्हणून लाजले. बनुबाई खांबाला धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘बाई, तुमी मला मारली की.’

नानासो तिथंच बसले होते. या गावची रीत मला त्यांच्याकडून त्या दिवशी कळली. माणूस लढाईवर असताना घरात कुणी गेलं तर त्याला कळवत नाहीत. तो रजेवर येईपर्यंत मेलेल्या माणसाच्या नावानं पत्रं चालू ठेवतात. पलटणीतल्या जोतीरामची आई बेचाळीसच्या श्रावणात गेली आणि नानासो पुढचं सव्वा वर्ष तिच्या नावानं ‘मी खुशाल हाय’ लिहीत होते. आता ही रीत जशी गावाला माहीत, तशी गावातून गेलेल्या प्रत्येक शिपायालाही माहीत. म्हणून पत्र आलं की ते आधी माणूस शोधतात, बातमी नंतर. बोलणं ओळखीचं असलं तर माणूस आहे. जरा जरी परकं वाटलं तर ते काय ते समजतात. आणि मी तर बनुबाईचा एक शब्द त्यात ठेवला नव्हता. नानासो डोळे मिटून म्हणाले, ‘तुमास्नी सांगितलं हुतं, अक्कल घालू नका.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बनुबाई पायरीवर बसली आणि म्हणाली, लिवा. मी सांगतीया तसंच लिवा, काना न्हाई का मात्रा न्हाई बदलायची. मी लिहिलं. ‘मी जित्ती हाय. म्हस सांजसकाळ धार देतीया, ती माझ्याबिगर कुणाला देत न्हाई, ह्यावरनं वळखा. तुमी मागल्या सुट्टीला आलासा तवा बाभळीचा काटा पायात मोडला. मी दाभणानं काढताना तुमी आईच्या नावानं वरडलासा. ते मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. आता मिशी वाढवा. वाढवली न्हाई तर समद्या गावाला सांगीन. कवा येणार ते कळवा.’ हे ती सांगत असताना ओट्यावर पंधरा माणसं होती. भाऊसो तोंड फिरवून हसत होते. ती मात्र हसली नाही. अंगठा तिनं इतका जोरात दाबला की ठसा फिसकटला आणि दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

दसऱ्याच्या आधी उत्तर आलं. त्यात एवढंच होतं की मिशी ठेवली आहे, काट्याचं कुणाला सांगू नकोस, आणि कधी येईन ते सरकारला ठाऊक.

नाथाजी गेल्या वर्षी चैत्रात आला. मी त्या वेळी योगायोगानं त्यांच्या गोठ्यापाशी होते. तुझीच कसली तरी चिठ्ठी पुरी करायला गेले होते. तो स्टेशनापासून चालत आला, खांद्यावर पेटी. बनुबाई म्हशीखाली बसली होती. तिनं मान वळवून बघितलं आणि उठली नाही. मधेच उठलं तर म्हैस पान्हा चोरते. म्हणाली, ‘आलासा? थांबा जरा, धार हुंदे.’ चरवी भरेपर्यंत तो पेटी खांद्यावर तशीच घेऊन उभा राहिला.  नवरा परमुलखात असलेल्या अशा बाईला तुझ्या शास्त्रात प्रोषितभर्तृका म्हणतात, ना? मी एकदा तिला तो शब्द सांगितला होता. तिनं विचारलं, त्यावर काय लेप लावत्यात.

आठ-दहा दिवसांनी नाथाजी शाळेवर आला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि मीच माफी मागितली. तो म्हणाला, ‘आवं न्हाई बाई, तुमी वाईट कायबी लिवलं नव्हतं. आमच्या नाईकानं ते वाचलं तवा समदी पलटण गप झाली. त्या कागदात समदं हुतं, निस्ती बनी नव्हती. मनं एक हायती, मग भेट झाली काय आन न झाली काय, असं जित्या माणसाचं तोंड बोलंल व्हय? जितं माणूस कवा येणार म्हणून इचारतंय.’

चिंतामण, ती वाक्यं माझी नव्हती. तुझ्या पत्रातून मी ती शब्दशः उतरवून घेतली होती. ‘मग भेट झाली काय आणि न झाली काय’ हेसुद्धा तुझंच. मला ते इतकं आवडलं होतं की चांगली वस्तू आपण शेजारणीला देतो तसं मी ते बनुबाईला दिलं. एका अडाणी शिपायानं ते एकदा ऐकलं आणि ओळखलं की हे लिहिणारं माणूस घरात नाही. मी तेच चार वेळा वाचून ओळखलं नव्हतं. नाथाजी गेल्यावर मी शाळेला कुलूप लावलं आणि घरी आले, पण तेव्हाही तुला काही लिहिलं नाही. उन्हाळा होता, परीक्षा होत्या, असं मनाला सांगितलं. कारणं काढण्यात तू एकटाच हुशार आहेस असं नाही.

आता तुझ्या कार्डाचं. गुरुवारी मी बनुबाईला सरळ विचारलं की माणूस लांब असताना जे होतं त्याला तुम्ही काय म्हणता. ती कडबा टाकत होती. आधी म्हणाली, काय म्हणायचं, वाट बघत्यात म्हणायचं. मी म्हटलं, ते झालं काम. त्या दुखण्याला नाव काय? तर ती म्हणाली, ‘त्याला नाव कशाला, बाई? माणूस आलं की ते जातंय. नाव दिलं की त्याला घर द्यावं लागंल, खायाला घालावं लागंल. मग माणूस आलं तरी ते दारातनं हलायचं न्हाई.’ हरणाबाई आतून म्हणाल्या, ताटातूट म्हणत्यात की. बनुबाई म्हणाली, ‘ती शेरडाची न् करडाची, आत्याबाई. बाईंचं आपलं माणसाचं चाललंय.’ हे दोन्ही तू कोशात घालू शकतोस. उदाहरण म्हणून माझं नाव देऊ नकोस, तिचं दे.

मी घरी आले आणि पत्र्याचा डबा काढला. तुझी दोनशे अकरा पत्रं आहेत, कार्डं धरून. शुक्रवारी संध्याकाळी आणि काल दिवसभर ती सगळी वाचली. एक चांगला मास्तर पेपर तपासतो तशी, तांबडी पेन्सील घेऊन, एकच गोष्ट शोधत. दोनशे अकरांत ‘विरह’ सत्तेचाळीस वेळा आला आहे. चंद्र एकोणीस वेळा. कृष्णेला एकदा तू अश्रूंची नदी म्हटलं आहेस, तो पूर आलेला महिना होता. पण ‘कधी येतेस’ एकदाही नाही. ‘मी येतो’ एकदाही नाही. आपण नऊ वर्षांत दोनदा भेटलो. एकदा अण्णांच्या दिवसांना मी वाईला आले तेव्हा. आणि एकदा मिरज स्टेशनवर चहा संपेपर्यंत. तेव्हाही तू खिशातून चिठ्ठ्या काढून मला ‘वाट’ या शब्दाचे अठरा अर्थ वाचून दाखवलेस आणि तुझी गाडी निघाली. माझी पत्रं तुझ्याकडे असतील. तू तपासलीस तर त्यातही हे वाक्य सापडणार नाही. मी तुला दोष देऊन मोकळी होत नाही. मलाही ते तसंच बरं वाटत आलं. या आळीत मी ‘सांगलीत कुणीतरी आहे’ अशी बाई होते, आणि त्यासाठी सांगलीला जावं लागत नव्हतं. मी नसते तर तुलाही विरहावर दोन पानं लिहायला कुणी नव्हतं. आपण दोघांनी मिळून त्याला घर दिलं, खायला घातलं.

तूच मला घाटावर शिकवलं होतंस की भेटीची आशा आहे तोवर ते दुःख शृंगारात मोजतात, विप्रलंभ म्हणून. आशा संपली की ते करुणात जातं. तेव्हा मला हा नुसता वर्गवारीचा भाग वाटला होता. आता कळतं की शास्त्रकार बनुबाईच्याच बाजूचे होते. विरहाच्या सगळ्या कवितांत कुणीतरी वाटेत असतं. ढग येतो, दूत येतो, पाऊल वाजतं, निदान दिवस मोजलेले असतात. वाटेवर कुणी नाही आणि तरीही विरह, असं तुझ्या एवढ्या संग्रहात एकही उदाहरण नसेल. असलं तर ते आपण दोघं.

सांगली ते कोरेगाव किती लांब आहे? सांगलीशेजारी माधवनगरला सकाळच्या गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला माणूस इथं उतरतो. नाथाजी इटलीहून आला.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र मी सर्वांत शेवटी वाचलं. त्यात तू दोन ओळी लिहिल्या आहेस, ‘सगोत्र विवाह वैध ठरवणारा कायदा झाला म्हणे. तो ब्रिटिश मुलखापुरता आहे, आमच्या संस्थानात त्याचे काय होईल कोण जाणे,’ आणि लगेच पुढचा परिच्छेद ‘वियोग’च्या व्युत्पत्तीवर. आधी अण्णा होते, मग कायदा होता, आता संस्थानची हद्द आहे. हद्द संपली की कोश असेल. क्ष शेवटी घ्यायचा असं तू ठरवलं आहेस, आणि ‘व’पर्यंत यायला तुला नऊ वर्षं लागली. ‘क्षमा’ या शब्दाशी पोचेपर्यंत माझे केस पांढरे झालेले असतील. ते पत्र आल्यावर नाताळच्या सुटीतच मी सातारला जाऊन लालासाहेब वकिलांना भेटले होते. त्यांनी मला कायदा दाखवला. अर्ध्या पानाचा आहे. ते म्हणाले, सातारा ब्रिटिश मुलूख आहे, लग्न सातारला लावा, सांगलीला संसार करायला कुठला कायदा आडवा येत नाही. सातारचे एक भटजी तयार आहेत. त्याच सुटीत आईला मी लोणंदला दादाच्या घरी जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, त्याला सरळ विचार. होय म्हणाला तर मला कळव, नाही म्हणाला तर मला कळवू नकोस, मी तुझ्या तोंडावरून ओळखेन.

मी हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. पाचगणीच्या मुलींच्या एका शाळेनं मला जूनपासून बोलावलं आहे, वसतिगृहात राहून शिकवायला. चांगली जागा आहे, आणि एकटी बाईच हवी अशी त्यांची अट आहे. उत्तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचायला हवं. मी दोन उत्तरं लिहून ठेवली आहेत, एक येते म्हणून, एक येत नाही म्हणून. दोन फेब्रुवारीला रविवार आहे. त्या दिवशी दुपारच्या गाडीला मी दोन्ही पाकिटं घेऊन कोरेगाव स्टेशनवर येईन. तिथं टपालाची पेटी फलाटालाच आहे. तू उतरलास तर एक टाकीन, गाडी रिकामी गेली तर दुसरं.  दुसरं टाकलं तर तुझ्यावर राग धरणार नाही, पण त्यानंतर चिठ्ठ्या येणार नाहीत. कोशाला दुसरं माणूस बघ. आलास तर रथसप्तमी होऊन गेलेली असेल, तरी तुझ्या वाट्याचे तिळाचे लाडू ठेवून देते. ‘विरह’ची चिठ्ठी सोबत जोडली आहे. अर्थ लिहिला आहे: भेटायचं ठरवलेल्या दोन माणसांमधलं अंतर. उदाहरणाची जागा कोरी आहे. छापखाना खोळंबला असला तर खोळंबू दे. बाकी इकडे सर्व खुशाल आहे. लोणंदला आईचा खोकला कमी आहे. शाळेच्या आवारात लावलेल्या शेवग्याला यंदा पहिल्यांदा फूल आलं. बनुबाईची म्हैस गाभण आहे. तू कधी येणार?

तुझीच,
क्षमा